आवाजाला विश्रांती

हॉस्पिटलला फोन लावल्यावर, पलीकडे रिंग वाजायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला बोलायला बंदी आहे. ठेवून देणार तेवढ्यात रिंग थांबली आणि एक माणूस अतिशय मायेनं म्हणाला, "नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आमचे सर्व प्रतिनिधी सध्या व्यग्र आहेत. कृपया प्रतीक्षा करा." आवाज ओळखीचा होता. इतका, की आपल्यातलंच कोणीतरी हॉस्पिटलात चिकटलं आणि आपल्याला कळवलंसुद्धा नाही, असं वाटून त्याला क्षणभर रागच आला. मग त्या 'प्रतीक्षा'तला 'क्ष' नको इतका स्वच्छ उमटला. दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर तो बसला. तो माणूस तो स्वतःच होता.

तसं यात नवल काही नव्हतं. आवाज हाच त्याचा धंदा. लहानपणापासून सगळे त्याला भोंगा म्हणत, आणि भोंग्यानं मोठं होऊन आवाज विकायला काढावा यात घरच्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. काचेच्या खोलीत बसायचं, समोर ठेवलेलं वाचायचं, घरी यायचं. ते पुढे कुठे वाजतं हे वाचणाऱ्याला कोणी सांगत नाही. एकदा एका लिफ्टनं त्याला त्याच्याच आवाजात सांगितलं होतं, की वजन जास्त झालं आहे, आणि तो मुकाट्यानं बाहेर पडून जिन्यानं गेला होता. पण तेव्हा घसा ठणठणीत होता. हे आताचं वाक्य रेकॉर्ड केल्याचा दिवसही त्याला आठवला. फोनवरचे असे निरोप बनवणाऱ्या कंपनीकडून एक टायवाला आला होता. त्याला 'थांबा' नको होतं, कारण थांबा म्हटलं की लोकांना दटावल्यासारखं वाटतं. 'वाट पाहा' त्याहून नको होतं, कारण वाट पाहा म्हटलं की कोणीतरी येणार आहे असं वाटतं, आणि तशी हमी कंपनी देऊ शकत नव्हती. म्हणून प्रतीक्षा. नाश्ता भरपूर झालेला होता, बाहेर ऊन होतं, आणि त्यानं ते एका दमात, हसतमुखानं म्हणून टाकलं होतं. फोनमधल्या त्या माणसाला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं.

मग फोनमधलं संगीत कापलं गेलं आणि एक बाई म्हणाली, "बोला. हॅलो? बोला ना. कोणता विभाग हवाय?" त्यानं नखानं फोनवर टकटक केली, त्यातून कान-नाक-घसा विभाग आणि आमचा रिपोर्ट आला का एवढं सगळं कळेल अशा बेतानं. बाई शेजारणीला म्हणाली की कोणीतरी दार वाजवतंय, आणि फोन बंद झाला. खरं तर बायकोनं सकाळी बजावलं होतं, की दुपारी दुकानातून मी लावते फोन, तू उगाच काही करू नकोस. पण आता त्यानं पुन्हा लावला, तो रिपोर्टसाठी नव्हे. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. किती गुळगुळीत होता तो आवाज, कुठे खाच नाही, कुठे गाठ नाही. ती बाई यायच्या आत त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा लावला. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्याला स्वतःचीच शरम वाटली आणि तो दूध तापवायला उठला.

आधी वाटलं होतं सर्दी. मग वाटलं धूळ. मग एका रविवारी चर्चमधल्या उपासनेत शास्त्रपाठ वाचताना एका शब्दाच्या मधोमध आवाज तुटला आणि उरलेला अर्धा शब्द त्याला नुसत्या ओठांनी वाचावा लागला. मंडळीला वाटलं, भोंगा भारावला. दोनतीन बायकांनी डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंनी मात्र नळी घालून पडद्यावर पाहिलं आणि भारावण्यासारखं काही दिसलं नाही. स्वरतंतूंवर एक गाठ दिसली. तिचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत आवाजाला संपूर्ण विश्रांती, असं त्या म्हणाल्या. कुजबुजसुद्धा नको, कुजबुजीनं तंतूंना जास्त ताण पडतो. मग पहिला रिपोर्ट काय म्हणतो ते नक्की होईना, म्हणून तुकडा दुसरीकडे पाठवला. विश्रांती लांबत गेली. आवाज विश्रांती घेत होता आणि बाकीचा माणूस दमत चालला होता. सकाळी उठतानाच तो दमलेला असायचा, रात्रभर कोणाचं तरी सामान जिन्यावरून वर नेल्यासारखा.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या खुर्चीपाशी उभी असते. 'हे स्पष्ट दिसतंय, की हे? आधीचं बरं, की आताचं?' दिवसभर हेच. त्यामुळे तिनं त्याचं मौन धंद्याच्या शिस्तीनं अंगावर घेतलं. दोन शर्ट धरून विचारायची, हा, की हा? कढईवरचं झाकण काढून विचारायची, आणखी, की पुरे? तो बोट दाखवायचा. जे बोटानं दाखवता येत नव्हतं त्याबद्दल ती विचारत नसे. फक्त एकदा भांडी घासताना, त्याच्याकडे पाठ असताना तिनं विचारलं होतं, "भीती वाटते, की नाही?" आणि उत्तर बघायला ती वळली नव्हती. बाकीच्यांचं निराळंच. बोलता न येणाऱ्या माणसाला ऐकूही येत नसणार अशी लोकांची पक्की समजूत असते. शेजारचे आजोबा त्याच्याशी ओरडून बोलायला लागले. वाणी त्याला बोटांनी पैसे सांगायला लागला. सासूबाई फोनवर म्हणायच्या, जावईबापूंना दे, आणि मग चांगला अर्धा तास बोलून म्हणायच्या, बरं वाटलं तुमच्याशी बोलून, इतकं नीट कोणी ऐकून घेत नाही हो आजकाल.

चर्चचे पाळकसाहेबही येऊन गेले. भले गृहस्थ. त्यांनी त्याच्या हातात पाटी आणि खडू दिला आणि म्हणाले, मनात काय आहे ते निःसंकोच लिहा. त्यानं लिहिलं: 'का'. पाळकसाहेब थांबले. त्यांना वाटलं, शब्द अजून व्हायचाय. त्यांनी मान तिरकी करून उत्तेजन दिलं. काळजी? त्यांनी विचारलं. काही नाही? कारखाना? त्यानं प्रश्नचिन्ह काढायला खडू उचलला, पण पाळकसाहेबांचा चेहरा इतका मदतीला आलेला होता, की त्यानं पुढे 'ही नाही' असं लिहून टाकलं. ते खूश झाले. 'काही नाही' म्हणणारी श्रद्धा फार थोड्यांकडे असते, असं ते बायकोला जाताना म्हणाले.

तशी श्रद्धा त्याच्याकडे असायला हरकत नव्हती. ती घरात होती. वडील एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला होते आणि त्या खडखडाटानं त्यांचे दोन्ही कान गेले होते. त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलत, आणि प्रार्थना तर वडील अशी करत, की गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसालाही कळे, आज या घरात कोणाला ताप आहे. देव काही बहिरा नाही हो, असं एका शेजाऱ्यानं एकदा येऊन समजावलं. "तो नाही, मी आहे," वडील म्हणाले. "मी काय मागतोय ते मला ऐकू यायला नको?" मनातल्या मनात केलेली प्रार्थना ते धरतच नसत. मनातल्या मनात कोणी जेवतं का, ते विचारायचे. मुलांनी जेवणाआधी नुसते डोळे मिटून भागवलं, तर ताट पुढे येत नसे. भोंग्याचा भोंगा झाला तो असा, देवापर्यंत आणि वडिलांपर्यंत एकाच खेपेत पोचायचं म्हणून. आणि आई गेली त्या आजारात वडील देवाला रोज त्याच आवाजात सांगत, की तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. त्याला तेव्हा वाटायचं, इतक्या मोठ्यानं सांगताय तर जरा दुसरं काहीतरी सांगा. ज्या संध्याकाळी तिला पोचवून सगळे घरी आले, त्या संध्याकाळी कोणीतरी शिजवून पाठवलेलं ताटांत वाढलं गेलं आणि वडील समोर बसले. सगळ्यांनी डोळे मिटले. आवाजच येईना. त्यानं एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर वडील उघड्या डोळ्यांनी भाताकडे बघत होते, ओठ मिटलेले. तसे ते किती वेळ बसले कोण जाणे. भाताची वाफ जिरून गेली. मग त्यांनी पहिला घास घेतला आणि मग मुलांनी घेतला. त्या दिवशी या घरात प्रार्थना झाली नाही, असा त्यानं तेव्हा हिशेब लावला होता. वडिलांना त्यानं कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे ओरडून विचारावं लागलं असतं, आणि ही गोष्ट ओरडून विचारण्यासारखी नव्हती.

तर अशा घरातला तो. आवाजच बंद म्हटल्यावर प्रार्थनाही बंद, हे त्यानं विशेष विचार न करता धरून चाललं होतं. रजा. आणि रजेवरच्या माणसानं साहेबाबद्दल मनात काय म्हणावं याला काही नियम नसतात. दूध तापवताना, अंघोळ करताना, पडल्या पडल्या छताकडे बघताना तो देवाला वाटेल ते सुनवायचा. दुसरं काही मिळालं नाही का तुला? गुडघा होता. कान होते; कान आमच्याकडे जातातच, कोणाला काही वाटलं नसतं. एवढी माणसं घशाचा काही उपयोग न करता हिंडतात, आमच्या मंडळीचे खजिनदार घे, शास्त्रपाठ वाचताना 'अभिषिक्त'चं काय करतात ते ऐकलंस ना रविवारी, त्यांना ठेवलंस आणि मला धरलंस. कधी विनोद करायचा, कधी शिव्या द्यायचा. एकदा नळ सोडून त्याखाली बराच वेळ बसून त्यानं नुसतं म्हटलं होतं, मला भीती वाटते, मला फार भीती वाटते, मला हे नको. मनातच. म्हणजे कुठेच नाही.

खजिनदार एका संध्याकाळी भेटायला आले आणि त्यांनी खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं, "भोंगा, टेन्शन घ्यायचं नाही. सगळं त्याच्या कंट्रोलमध्ये आहे." मोठ्यानं, कारण तेही त्याला बहिरा समजत होते. माणूस वाईट नव्हता. येताना फळं आणली होती आणि त्यातलं एक बोलता बोलता स्वतःच सोलून खाल्लं. त्याला मात्र कंट्रोल म्हटल्यावर एकच गोष्ट दिसत असे, स्टुडिओतली कंट्रोल रूम. काचेपलीकडची. तिथे रेकॉर्डिंग करणारे मामा टेबलावर पाय टाकून शेंगा खात बसलेले असतात आणि टरफलं खिशात भरतात. देवाच्या कंट्रोलबद्दल आजवर जे जे ऐकलं ते सगळं त्याला त्या खोलीत, त्या टरफलांसकट घडताना दिसायचं, आणि त्यात त्याला फारसा धीर वाटत नसे.

शेवटी हॉस्पिटलातून फोन आला, की या. फोन बायकोनं घेतला; फोनवर काही सांगता येणार नाही म्हणाले. दोघं जाऊन त्या लांबलचक खोलीत बसले, जिथे खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि टोकाचा माणूस उठला की सगळी रांग हलते. बायकोनं त्याचा हात धरला नव्हता, बाही धरली होती. समोर काचेचं दार होतं आणि त्यापलीकडे डॉक्टरीणबाई आणखी एका डॉक्टरांशी बोलत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुसरे डॉक्टर हसले. कशाला हसले? आपल्याला? आपल्या गाठीला? ही तगमग त्याच्या चांगली ओळखीची होती. काचेच्या खोलीत नवा नवा बसायला लागला तेव्हा हेच व्हायचं. वाक्य म्हणून झालं की कानांवरच्या हेडफोनमध्ये सगळं मेल्यासारखं शांत व्हायचं, आणि काचेपलीकडे ती माणसं एकमेकांशी बोलत राहायची. मामांनी बटण दाबलं तरच त्यांचं बोलणं इकडे येणार. नाहीतर नुसते ओठ. त्याला वाटायचं, संपलं, आपल्याला काढणार, दुसऱ्याला बोलावणार. दुसऱ्या एका खेपेला तो टायवाला असाच बोलतच राहिला, बोलतच राहिला, आणि यानं कंटाळून, एकट्या खोलीत बसल्या बसल्या, त्याच्या टायबद्दल आणि तो टाय कुठे बांधावा याबद्दल सविस्तर मत मांडलं. बटण दाबलं गेलं. "भोंगा," मामांचा आवाज आला, "तुझा माइक चालूच असतो. तुला आमचं येत नाही म्हणजे आम्हाला तुझं येत नाही असं नव्हे. तुझं पोटसुद्धा वाजतंय. बाहेर ये, काहीतरी खा." बाहेर जावं तर टायवाला त्याच्यासाठी खायला काय मागवायचं तेच इतका वेळ विचारत होता.

तो खुर्चीत ताठ झाला. रांग हलली. बायकोनं विचारलं, काय झालं, आणि त्यानं मान हलवली, की काही नाही. पण त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं. इतके आठवडे माइक चालू होता. दूध तापवताना, अंघोळीत, नळाखाली. गुडघा घे म्हणालो. खजिनदारांना घे म्हणालो. तो एकेक आठवू लागला आणि एकेक आठवून मेल्याहून मेल्यासारखा झाला. मग, हळूहळू, इतका शरमला, की शरमायला आणखी जागा उरली नाही आणि त्या जागी एक विचित्र हलकेपणा आला, जसा पुरता भिजून गेल्यावर माणूस छत्री मिटतो. म्हणजे नळाखालचंही पलीकडे गेलं होतं. भीती वाटते म्हणालो ते. ते कुठेच नाही असं नव्हतं. आणि भाताकडे बघत बसलेले वडील. त्यांच्याकडे त्यानं आत्ता पुन्हा, इतक्या वर्षांनी, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात दोघांना आत बोलावलं गेलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या आणि आज त्यांनी पेन दोनदा टोपण घालून दोनदा काढलं. मग म्हणाल्या, "आता तुम्ही बोललात तरी चालेल." बायकोचा चेहरा उजळला. तिनं त्याच्या दंडावर जोरात थापच मारली. "बघ," ती म्हणाली, "मी म्हणत नव्हते? अहो मॅडम, किती दिवस झाले, मी तर आवाजच विसरले याचा." डॉक्टरीणबाईंनी तिला बोलू दिलं. तिचं हसू आपणहून संपेपर्यंत त्या थांबल्या, आणि याला त्यांचं थांबणं दिसलं, आणि थांबण्यातच सगळं कळलं. मग त्यांनी कागदावर घशाचं चित्र काढलं आणि एका भागाला गोल केला. तो सगळा काढावा लागेल, म्हणाल्या. अर्धा ठेवण्यासारखी स्थिती नाही. पुढच्याच आठवड्यात. श्वास इथून, गळ्याच्या खालून घ्यायचा. नंतर एक यंत्र लावून बोलता येतं, शिकवतात, पण तो आवाज हा नसेल. जीव वाचेल असं मला वाटतं, असं त्या म्हणाल्या, आणि 'वाटतं' हा शब्द त्यांनी फार सांभाळून उच्चारला. आता मौनाचा उपयोग नाही, तोवर जे बोलायचं ते बोलून घ्या.

बायको त्या चित्राकडे बघत होती. "हे," ती म्हणाली, आणि बोट तसंच चित्रावर राहिलं. पुढे 'की हे' म्हणायला दुसरं चित्र नव्हतं.

लिफ्टमध्ये एक रिकामी चाकाची खुर्ची ढकलत एक कर्मचारी शिरला आणि त्यानं यांच्याकडे न बघताच विचारलं, "खाली?"

"खाली," तो म्हणाला.

इतक्या आठवड्यांनंतरचा पहिला शब्द. काय काय म्हणायचं योजून ठेवलं होतं, आणि निघाला तो हा. आवाज खरवडल्यासारखा होता, जड कपाट फरशीवरून ओढल्यासारखा, आणि शेवटचं अक्षर अर्धं हवेतच गेलं. बायकोनं मान वर केली नाही. तिचे खांदे मात्र हलायला लागले, आणि ती हसतेय की रडतेय हे कर्मचाऱ्यालाही कळेना, म्हणून तो बिचारा खुर्चीच्या चाकाकडे बघत राहिला.

खाली आवारात गाड्या लावायच्या जागेपाशी एक बाक होता. तिथे ते बसले, कारण पुढे कुठे जायचं ते कोणालाच सुचत नव्हतं. दुपारचं ऊन गाड्यांच्या टपांवर पडलं होतं. तो इतका थकला होता, की थकल्याचंही काही वाटत नव्हतं. सासूबाईंना काय सांगायचं, स्टुडिओत काय सांगायचं, मामांना कोण सांगणार, हे सगळं येऊन त्याच्या आसपास उभं राहिलं आणि तसंच उभं राहिलं. आठवडाभराचा आवाज हातात होता. तो कोणावर खर्च करावा?

"प्रार्थना कर," बायको म्हणाली. "तूच कर. मोठ्यानं. मला ऐकू दे." तिनं डोळे मिटले, पदर नीट केला, आणि हात मांडीवर ठेवून लांब प्रार्थनेच्या तयारीनं बसली. त्याच्या घरच्या प्रार्थना तिला माहीत होत्या. हे स्वर्गीय पित्या म्हणून सुरुवात होणार, मग उपकारस्तुती, मग पापांची कबुली, आणि मागणीपर्यंत येता येता पाय आखडणार.

त्यानं घसा साफ केला. तो साफ झाला नाही. पलीकडच्या गाडीपाशी किल्ली शोधत असलेल्या एका माणसानं, आपल्याला कोणी हाक मारली की काय म्हणून, वळून पाहिलं.

"तर मघाशी म्हणत होतो तसं," तो म्हणाला.

बायकोनं एक डोळा उघडला. "मघाशी कधी?"

त्यानं हातानं तिला थांब अशी खूण केली. तिनं डोळा मिटला.

"मला नको होतं हे. अजून नकोच आहे. ते काही बदललेलं नाही." आवाज मध्येच बुडाला, पुन्हा वर आला. "पण माझ्यानं आता होत नाही. तू बघ."

मग तो गप्प झाला. बायको वाट बघत राहिली. किल्लीवाल्याला किल्ली सापडली, गाडी मागे घेऊन तो निघून गेला, आणि त्या जागेवर दुसरी गाडी येऊन लागली, तरी पुढचं काही येईना. तिला वाटलं, आवाज गेला. तिनं हळूच बघितलं, तर तो बाकाला टेकून, मान मागे टाकून, ओठ मिटून बसला होता, आणि त्याचा चेहरा कोणाशी तरी बोलण्यात गुंतलेल्या माणसाचा होता. तेव्हा ती पुन्हा नीट बसली, आणि त्याचं होईपर्यंत आमेन म्हणायला थांबून राहिली.